निळी झाली म्हणून तवकीर खोटी ठरत नाही

चवथीच्या तोंडावर गोव्यातल्या घरच्या ग्रुपांवर एक संदेश फिरतो. तवकिरीवर, म्हणजे कंदापासून काढलेल्या पांढऱ्या पिठावर, आयोडीन टाका, निळी झाली तर मक्याच्या पिठाची भेसळ. शिजून काचेसारखी दिसली तर आत रसायन. उकड्या तांदळाचे शीत चेंडूसारखे उसळले तर तांदूळ प्लास्टिकचा. आणि शेवटी, सगळा स्टार्च सारखाच, त्यामुळे कुठल्या झाडाचा ते प्रयोगशाळेलाही ओळखता येत नाही. यातले एकही विधान खरे नाही. पहिल्यावर विश्वास ठेवून चांगली तवकीर फेकली जाते, म्हणून आधी तेच घेऊ.

निळा रंग स्टार्चचाच असतो. 1814 पासून ते माहीत आहे. स्टार्चमध्ये दोन रेणू असतात: लांब, जवळजवळ सरळ साखळीचा अमायलोज आणि झाडासारख्या फांद्या फुटलेला अमायलोपेक्टिन. अमायलोजची साखळी स्प्रिंगसारखी वळते, दर वेढ्याला सहा ग्लुकोज, आणि त्या पोकळीत आयोडीन बसले की गडद निळा रंग येतो. म्हणजे शुद्ध तवकीर निळी झालीच पाहिजे. चाचणी थंडच करायची. गरम पेजेत रंग उडतो, निवल्यावर परत येतो. लिंबू पिळलेले असेल तर क जीवनसत्त्व आयोडीन खाऊन टाकते आणि रंगच दिसत नाही. खडूची शंका असेल तर कोरड्या पिठावर लिंबाचा रस टाका: फसफसले तर खडू.

पारदर्शकतेचे उत्तर सोपे आहे. मक्याच्या स्टार्चमधले थोडेसे मेद अमायलोजला धरून बसतात, म्हणून त्याची खळ दुधाळ होते. कंदांच्या स्टार्चमध्ये मेद नगण्य, म्हणून तवकीर आणि टॅपिओका (ज्याचा साबुदाणा करतात ते कंदाचे पीठ) स्वच्छ शिजतात. पडताळायचे तर 10 ग्रॅम पीठ 200 मिली थंड पाण्यात आधी कालवा, मग मंद आचेवर ढवळा. उकळत्या पाण्यात थेट टाकलेत तर गोळीची बाहेरची बाजू लगेच शिजून बंद होते आणि आत कोरडे पीठ अडकते.

उकड्या तांदळाबद्दलची भीती गोव्यात तरी कुणी पसरवू नये, इतका तो रोजचा आहे. भात सालासकट भिजवून उकडताना आतला स्टार्च शिजतो. नंतर वाळताना अमायलोजच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना घट्ट चिकटतात. ही जुळणी उकळत्या पाण्यात पुरती सुटत नाही. म्हणून शीत मोकळे, टणक आणि दाबल्यावर लवचीक लागते.

राहिले ‘ओळखता येत नाही’. साधा सूक्ष्मदर्शक पुरे. चिमूटभर पीठ पाणी-ग्लिसरीनच्या थेंबात घालून 400 पट मोठे करून पाहा. तांदळाचे कण अगदी लहान, बहुतेक 3 ते 8 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कोनदार. मक्याचे 15 मायक्रॉनच्या आसपास, मध्ये फटीसारखी खूण. टॅपिओकाचे एका बाजूने कापलेल्या घागरीसारखे. बटाट्याचे 100 मायक्रॉनपर्यंत, शिंपल्यासारख्या वलयांचे. ‘तवकीर’ नावाखाली मात्र दोन वेगळी झाडे विकली जातात: हळदीच्या कुळातल्या तिखुराचे कण चपटे, वाढीचे केंद्र टोकाशी असलेले, आरारुटाचे फुगीर अंडाकार. लेबलवर कुठले, ते विचारण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे.

पिठात अमायलोज किती ते प्रयोगशाळेत मोजायचे तर 100 मिलिग्रॅम पिठावर आधी 1 मिली अल्कोहोल, मग 9 मिली 1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, उकळत्या पाण्यात 10 मिनिटे, नंतर पाण्याने 100 मिली. त्यातले 5 मिली घेऊन 1 मिली 1 नॉर्मल अॅसेटिक आम्ल आणि 2 मिली आयोडीन द्रावण, पुन्हा 100 मिलीपर्यंत पाणी. 20 मिनिटांनी रंगाची तीव्रता मोजणाऱ्या यंत्रावर 620 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात वाचन. अल्कोहोल वगळले तर गाठी होतात. आम्ल विसरले तर अल्कलीत आयोडीन नष्ट होऊन रंगच येत नाही. तांदळातले मेद काढले नाहीत तर आकडा कमी येतो, कारण स्प्रिंगची पोकळी मेदाने आधीच व्यापलेली असते. चिकट तांदळात अमायलोज जेमतेम 0 ते 2 टक्के निघतो, साध्या मक्यात 25 टक्क्यांच्या आसपास. तांबूस-जांभळा रंग आला तर नमुना चिकट जातीचा.

तपासायला न्यायचा नमुना कच्चा आणि कोरडा असावा. शिजवलेल्या खिरीत कण फुटलेले असतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायला काहीच उरत नाही.