ग्रंथालयातल्या लग्नावर आलेल्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

बॉस्टन पब्लिक लायब्ररीत लागलेल्या लग्नावर मी लिहिलं आणि त्याखाली तुम्ही सविस्तर, परखड प्रतिक्रिया दिलीत. तुम्ही आयुष्यभर ग्रंथपाल म्हणून काम केलंत, त्यामुळे ती मी पुनःपुन्हा वाचली. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: ग्रंथालय हे सरस्वतीचं मंदिर, तिथे पंगती आणि नाचगाणं शोभत नाही. असं लग्न म्हणजे पैसेवाल्यांनी छायाचित्रांमागे पुस्तकांचा केलेला पडदा. आणि अशा लेखांनी आपल्याकडच्या संचालक मंडळांना नको ती कल्पना सुचेल.

मंदिरापासून सुरुवात करते. आपल्याकडे मंदिरात लग्नं लागतात. कुलदैवताच्या सभामंडपात अंतरपाट धरला जातो, मंगलाष्टकं होतात, मागच्या ओवरीत पानं वाढली जातात. त्यानं देव बाटत नाही, उलट त्या घराचं देवळाशी नातं जुळतं. गाभाऱ्याची शिस्त आणि सभामंडपाचा वावर वेगळा, एवढं सगळ्यांना कळतं. ग्रंथालयालाही गाभारा असतो, तो म्हणजे वाचनकक्ष आणि पुस्तकांची दालनं. तिथली शांतता मोडायला माझाही विरोध आहे. पण हे लग्न अंगणात लागलं, तेही वाचकांची वेळ संपल्यावर.

त्या अंगणाबद्दल मूळ लेखात मी फार कमी लिहिलं होतं. १८९५ साली उघडलेली ही इमारत चार्ल्स मॅकिम या वास्तुरचनाकाराची. मध्ये चौक, भोवती कमानींचा सज्जा, अशी मांडणी त्यानं रोममधल्या एका जुन्या प्रासादावरून घेतली. त्याची पत्नी बॉस्टनची. लग्नानंतर दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा ती वारली. तिच्या स्मरणार्थ चौकातल्या कारंज्यासाठी त्यानं फ्रेडरिक मॅकमोनीज या शिल्पकाराची एक ब्राँझची मूर्ती दिली. हातात द्राक्षांचा घोस उंच धरून, कडेवर बाळ घेऊन नाचणारी स्त्री. १८९६ साली ती मूर्ती आली आणि शहरात गदारोळ उठला. ती विवस्त्र आहे, मद्याच्या धुंदीत आहे, ज्ञानाच्या जागी असला उच्छाद नको, असं दारूबंदीवाल्यांपासून धर्मगुरूंपर्यंत अनेकांनी म्हटलं. शेवटी मॅकिमनं देणगी मागे घेतली आणि मूर्ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिली. आज त्याच चौकात तिची प्रतिकृती उभी आहे, आणि शाळेतली मुलं शेजारी बसून डबा खातात.

सर, तुमचा आक्षेप आणि त्या काळचा आक्षेप एकच आहे असं मी म्हणत नाही. पण ग्रंथालयात आनंद किती दिसावा, हा वाद त्या चौकाच्या जन्मापासून चालत आला आहे. एका माणसानं आपल्या अल्पायुषी संसाराची आठवण ठेवायला निवडलेल्या जागी आज दुसऱ्या कुणाचा संसार सुरू होतो, यात मला काही अनुचित दिसत नाही. खरं सांगायचं तर मला ते फार उचित वाटतं.

आता पैशाचं. इथे तुमचं म्हणणं मला पटतं. अशा जागेचं भाडं सामान्य घराला झेपणारं नाही आणि ज्याला झेपतं त्याचीच छायाचित्रं जगभर फिरतात. मात्र तो पैसा कोणत्या ग्रंथालयाला जातो, तेही पाहायला हवं. या ग्रंथालयाची स्थापना १८४८ची. (आपलं पुणे नगर वाचन मंदिरही त्याच सालातलं, हे तुम्हाला मी काय सांगायचं.) १८५२ साली जोशुआ बेट्स यांनी त्याला पन्नास हजार डॉलर देऊ केले. तरुणपणी पुस्तकं विकत घेणं परवडत नसे, म्हणून ते संध्याकाळी एका पुस्तकाच्या दुकानात बसून वाचत. पुढे लंडनला मोठ्या पेढीचे भागीदार झाले. देणगी देताना त्यांनी अटी घातल्या: इमारत शहराला भूषण ठरावी, शंभर-दीडशे माणसांना टेबलाशी बसून वाचता यावं, आणि ती सर्वांना पूर्णपणे मोफत असावी. आज मुख्य दारावर दगडात कोरलेलं आहे, ‘फ्री टू ऑल’. २१८ फूट लांबीच्या, हिरव्या दिव्यांच्या वाचनकक्षाला त्यांचंच नाव आहे. तिथे बसायला कुणी ओळखपत्र मागत नाही. थंडीत ऊब शोधत आलेला बेघर माणूस आणि प्रबंध लिहिणारी विद्यार्थिनी शेजारी शेजारी बसलेली मी पाहिली आहेत. २०२१पासून पुस्तक उशिरा परत केलं तरी दंड नाही. संध्याकाळी चौक भाड्यानं गेला म्हणून यातलं काही कमी झालं असतं, तर मी तुमच्या बाजूनं लिहिलं असतं.

पुस्तकं ‘पडद्यासारखी’ वापरली, असं तुम्ही म्हणता. या लग्नापुरतं तरी ते खरं नाही. नवऱ्या मुलीची आई माझी मैत्रीण. या देशात नवी आली तेव्हा इथल्याच एका शाखेत बसून ती परीक्षेचा अभ्यास करायची, लेकीला गोष्टींच्या तासाला तिथेच न्यायची. ती लेक या कमानींखाली बोहल्यावर उभी राहिली. पुस्तकांच्या इमारतीत आग नको म्हणून होम आदल्या दिवशी देवळात केला. अक्षता उधळल्या नाहीत, वधूवरांसमोरच्या परातीत वाहिल्या. दाणे सांडले की उंदीर येतात आणि उंदरांमागून काय होतं, हे ग्रंथपालाला सांगायला नको. त्या घरच्यांनी जागेचा मान आमच्या कुणाहीपेक्षा जास्त ठेवला.

तुमची तिसरी भीती मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्या गावांबद्दल आहे. वाचनालयाचं सभागृह बारशाला, साखरपुड्याला, कपड्यांच्या सेलला देणं आपल्याकडे नवीन नाही. शासनाचं अनुदान उशिरा येतं, त्यातून कर्मचाऱ्यांचे पगारही धड भागत नाहीत, मग भाड्याचा आधार घ्यावा लागतो. दुखणं पुढे आहे. सभागृह वाढत जातं, वातानुकूलित होतं, आणि वाचनकक्ष जिन्याखालच्या खोलीत सरकतो. वर्तमानपत्र वाचायला आलेल्या आजोबांना ‘आज कार्यक्रम आहे, उद्या या’ असं सांगितलं जातं. हे मीही पाहिलं आहे आणि त्याची मला चीड आहे. त्या आजोबांची खुर्ची हलली की ग्रंथालय बिघडलं, मग ती लग्नासाठी हलो, पुढाऱ्याच्या सत्कारासाठी हलो की साहित्यिक कार्यक्रमासाठी.

‘तुमच्या गावच्या वाचनालयात चालेल का?’ असं तुम्ही शेवटी विचारलंत. चालेल. वाचनाची वेळ संपल्यावर, वाचनकक्षाला कुलूप असताना, स्वयंपाक आवाराबाहेर, होम आणि फटाके अजिबात नाहीत. अनामत रक्कम भरपूर घ्यावी. भाड्याचा पैसा वेगळ्या खात्यात जावा आणि त्यातून फक्त पुस्तकांची खरेदी आणि जुन्या पुस्तकांची बांधणी व्हावी, त्याचा हिशेब फलकावर लागावा. आणि वाचनालयाच्या शिपायाच्या मुलीचं लग्न तिथे करायचं ठरलं, तर एक रुपयाही घेऊ नये.

तुम्ही एवढी वर्षं ग्रंथालय चालवलंत. या अटींत काय कमी पडतं, कुठे पळवाट राहते, ते तुम्ही लिहा. इथेच लिहा, म्हणजे संचालक मंडळावर असलेल्या इतर वाचकांच्याही नजरेस पडेल.