क्लच जाळण्याची रीतसर पद्धत

चढावर बाइकचा अ‍ॅक्सिलरेटर पिळला की इंजिन किंचाळतं आणि गाडी मात्र वरातीच्या चालीनं पुढे सरकते? अभिनंदन, तुमचा क्लच, म्हणजे इंजिनचा जोर चाकाकडे नेणाऱ्या प्लेटांचा संच, स्लिप व्हायला (घसरायला) लागला. इथवर यायला सराव लागतो. दोन बोटं कायम लिव्हरवर टेकवून गाडी चालवायची आणि चढावर थांबलात की ब्रेकला त्रास न देता हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची.

आता घाबरून लिव्हरचा प्ले बघू नका. लिव्हरच्या टोकाशी साधारण 10 ते 20 मिलिमीटर मोकळी हालचाल हवी, असं बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. पण पुस्तिका सीटखाली भिजण्यासाठी असते, वाचण्यासाठी नव्हे. केबल ताठ राहू द्या. मग लिव्हर सोडला तरी केबल प्रेशर प्लेटला (बाकीच्या प्लेटा दाबून धरणाऱ्या झाकणाला) थोडी उचलूनच धरते, स्प्रिंगांचा पूर्ण जोर प्लेटांवर येत नाही आणि त्या घासत बसतात. पाना घेऊन अ‍ॅडजस्टर फिरवलात तर हा दोष पाच मिनिटांत जाईल, आणि इंजिन उघडायची हौस राहून जाईल!

तेल मात्र कारचंच टाका, इंधन वाचवणारं, पातळ. या क्लचच्या प्लेटा इंजिनच्याच तेलात बुडालेल्या असतात आणि त्या तेलातली घर्षण कमी करणारी द्रव्यं त्यांची पकडही कमी करतात. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ हे तेलात बुडणाऱ्या क्लचला चालणाऱ्या तेलाचे शिक्के शोधत बसणाऱ्या संशयी माणसांचं ऐकू नका.

तरीही प्लेटा बदलायच्याच असतील तर तेल न काढता कव्हर खोला, जमिनीलाही ऑइल चेंज मिळेल. कव्हर निघत नसेल तर खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून उचका. बसणीवर चरा पडला की नवं पॅकिंगही गळतं, मग जुनंच परत लावलं तर काय बिघडलं? बोल्ट सगळे एका डबीत ओता. त्यांची लांबी वेगवेगळी असते. लांब बोल्ट आखूड जागी गेला की तो तळाला टेकतो, कव्हर सैलच राहतं, आणि तुम्ही जोर लावून आटे काढता.

मापं घेणं हा शुद्ध वेळकाढूपणा. फ्रिक्शन प्लेट नवी असताना 3 मिलिमीटरची असली, तर बाद होण्याची मर्यादा त्याहून काही दशांशच खाली असते. तेवढ्यासाठी व्हर्नियर कोण काढणार? डोळ्यांना जाड दिसली की चांगली. स्टील प्लेट निळी पडली असेल तर रंग छान आहे म्हणा. ती काचेवर ठेवून कडेखाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवलं तर वाकलेली निघायची. स्प्रिंगा तापून दबल्या, आखूड झाल्या, तरी जुन्याच ठेवा. नव्या प्लेटांनाही स्लिप व्हायचा हक्क आहे.

नव्या प्लेटा कोरड्याच बसवा. इंजिन ऑइलमध्ये रात्रभर भिजत घालायला त्या काही मटकी नव्हेत. पहिल्याच उचलीला त्यांचा लेप करपेल, एवढंच. स्प्रिंगचा एक बोल्ट आधी पूर्ण आवळा, मग दुसरा. समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळत गेलात तर प्रेशर प्लेट सरळ बसेल आणि हबचा अ‍ॅल्युमिनियमचा खांब तुटायची संधी हुकेल. या 6 मिलिमीटरच्या बोल्टांना बहुधा 10 न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क पुरतो. तुम्ही मात्र हँडलला पाइप लावा.

कव्हर बसलं, तेल भरलं की केबलकडे ढुंकूनही बघू नका. जुन्या प्लेटा झिजल्या होत्या, नव्यांचा थर जाड आहे, म्हणजे आधीचा प्ले आता जुळणार नाही. केबल ताठ असेल तर गाडी तशीच त्या चढावर न्या.