वेताळ, होम्स आणि भुसावळ जंक्शन

दोन निरनिराळ्या कथाविश्वांतली पात्रं एकाच फॅनफिक्शनमध्ये, म्हणजे चाहत्याने उसन्या पात्रांवर रचलेल्या गोष्टीत, कोंबायची हुक्की तुम्हाला आली आहे ना? उत्तम. एक विश्व धड उभं करता येत नसलं की दोन घ्यावीत. एकातल्या चुका दुसऱ्यावर ढकलता येतात.

शेरलॉक होम्स आणि वेताळ अशी जोडी धरू. भेटणार कुठे? नवखे लेखक इथे वीज पाडतात, जादूचं दार उघडतात. एवढा खर्च कशाला? भुसावळ जंक्शनवर उतरवा. गाडी बदलायला भुसावळला उतरलेला माणूस कुठून आला, हे आपल्याकडे कुणी विचारत नाही. महिना मे ठेवा आणि ४५ अंशांतही होम्सचा ओव्हरकोट उतरवू नका. मूळ कथेशी इमान म्हणतात ते हेच. वेताळाने खांद्यावरून ‘काय करी ऱ्हायना भो?’ एवढं विचारलं की खान्देशचं वातावरणही झालं.

मग मानपान. होम्सला दोन मांडे वाढले तर वेताळालाही दोनच. संवाद ओळी मोजून द्या. मनातून कुठला पक्ष आपला हे ठरलेलंच असतं, दुसऱ्याला बोलवायचं ते हरवायला. १९०६ साली मोरिस लब्लां या फ्रेंच लेखकाने हेच केलं. होम्सला आपल्या गोष्टीत पाहुणा बोलावलं आणि आपल्या लाडक्या चोराकरवी, आर्सेन ल्युपाँकरवी, त्याचं घड्याळ लांबवलं. होम्सचा जन्मदाता लेखक कॉनन डॉयल याने हरकत घेतली, तेव्हा पाहुण्याचं नाव ‘हर्लॉक शोम्स’ झालं. तुमच्यावर वेळ आलीच तर ‘तेवाळ’ लिहा.

खरी गंमत नियमांची. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलात तर डोक्याची शंभर शकलं, तोंड उघडलंत तर प्रेत परत झाडावर, हा वेताळाचा कायदा. होम्सला उत्तर ठाऊक असतंच, आणि गप्प बसणं त्याच्या रक्तात नाही. म्हणजे तापीकाठच्या त्या झाडापासून गोष्ट दहा पावलंही सरकणार नाही. त्यात होम्सच्या जगात भूतच नसतं. मग हा बोलतोय कुणाशी? विचारी लेखक इथे कुठल्या जगाचा कायदा कुठे चालेल हे आधी ठरवून घेतो. तुम्ही दोन्ही मोडा. होम्सला मंत्र म्हणायला लावा आणि वेताळ म्हणजे वेषांतर केलेला रावेरचा केळीव्यापारी निघू द्या. दोन्हीकडचे चाहते सारखेच पेटले की तराजूचा काटा बरोब्बर मधे.

राहिला होम्सचा जोडीदार डॉक्टर वॉटसन. प्रेत वाहायला त्याच्याशिवाय आहे कोण? पण जपून. १८८० साली अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत त्याला लागलेली गोळी एका कादंबरीत खांद्यात आहे, पुढच्या कादंबरीत पायात. डॉयलच्या हातात एकच विश्व होतं, तरी ही गत. तेव्हा वेताळ डाव्या खांद्यावर द्यायचा की उजव्या, हे चाहत्यांच्या आधी ठरवून टाका. तोवर मी काड्या पेटवून भरताची वांगी भाजायला घेतो.