सहीपुरते पार्टनर

युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांचा परत फोन आला. नवीन प्रपोजल आहे, उद्या संध्याकाळपर्यंत तुमच्या महिला मंडळाच्या लेटरहेडवर पार्टनर म्हणून सहमतीचं पत्र पाहिजे, मजकूर आम्हीच पाठवतो, तुम्ही फक्त सही-शिक्का करा. फक्त सही!! डोकंच फिरलं माझं.

मागच्या खेपेला हेच केलेलं. माकडतापाचा सर्व्हे. गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात 2015 पासून आम्ही हा ताप बघतोय, काजूच्या सीझनला बायका बागायतीत वाकून बोंडू गोळा करतात, पाचोळ्यातले गोचीड चावतात आणि ताप भरला की साधा ताप समजून गोळ्या खाऊन परत कामाला जातात. हे सगळं त्या लोकांना कोणी सांगितलं? आम्हीच ना. कुठलं घर कुठल्या बागायतीत जातं, मेलेलं माकड कुठे दिसलं, रक्त द्यायला कोण घाबरतंय, घरोघरी फिरून समजावलं ते आमच्या बायकांनी, आणि तेही भर काजूच्या दिवसांत मजुरी बुडवून. वर्षाची कमाई त्या दोन-तीन महिन्यांत असते हो! बजेटमध्ये लॅपटॉप होता, गाडीभाडं होतं, कॉन्फरन्सचा प्रवास होता, युनिव्हर्सिटीचा ओव्हरहेड, म्हणजे ऑफिसखर्चाचा वाटा होता आणि आमच्या नावावर चहापाणी. तेसुद्धा बिल नाही म्हणून अडकलं, आता वाड्यावरच्या गाडेवाल्याकडून जीएसटीचं बिल कुठून आणू मी?

रिपोर्ट तर आजपर्यंत आला नाही. रक्त दिलेल्या म्हाताऱ्या वाटेत भेटल्या की विचारतात, "बाये, रगताचें कितें जालें गे?" मान खाली घालून पुढे जाते, दुसरं काय करणार.

लोकांना सुरुवातीपासून सामील करा, निष्कर्ष त्यांच्यापर्यंत पोचवा, हे आयसीएमआरच्या, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या गाइडलाइन्समध्येच आहे. त्याच वर्षी साउथ आफ्रिकेतल्या ‘सान’ आदिवासी लोकांनी संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता काढली, आधी आमच्याशी नीट बोला मगच काम करा म्हणून. त्यांना जमतं, मग आम्ही कशाला गप्प बसायचं?

मी सांगितलं, पूर्ण प्रपोजल बजेटसकट पाठवा, मंगळवारी मंडळाच्या मीटिंगमध्ये वाचतो, आमच्या बायकांच्या दिवसांचे पैसे त्यात लिहा आणि ते थेट मंडळाच्या खात्यात येऊ देत. तर म्हणे बजेट कॉन्फिडेन्शियल आहे. पार्टनरपासून कॉन्फिडेन्शियल?

शिक्का कपाटात आहे. चावी माझ्याकडे.