रागावलो एका डॉक्टरवर, चूक निघाली दुसऱ्याची

भाच्याच्या गुडघ्यापायी गेल्या दीड वर्षात बराच कायदा शिकलो.

कळव्याला मॅटवर कबड्डी खेळताना पाय रोवलेला राहिला आणि अंग फिरलं. ‘कट्’ असा आवाज त्याने स्वतः ऐकला. रात्रीपर्यंत गुडघा टम्म. घोडबंदर रोडवरच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढला. "हाड शाबूत आहे, मुका मार आहे." क्रेप बँडेज बांधून घरी. एक्स-रेत लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा, दिसत नाही हे आम्हाला कुठे माहीत! पुढचे दोन महिने टीएमटीच्या बसमधून उतरताना पोराचा गुडघा सटकायचा. शेवटी एमआरआय केला. गुडघ्यातला एसीएल नावाचा लिगामेंट तुटलेला, मेनिस्कसची गादीही फाटलेली.

ऑपरेशन दुसऱ्या हॉस्पिटलात झालं. तीन महिन्यांनी गुडघा काटकोनापर्यंतही वाकेना. मग काय, अख्खं घर पेटलं. सर्जनवर केस ठोका! फॅमिली ग्रुपवर तर डॉक्टरला आत टाकायची भाषा. (2005 मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय, फौजदारीसाठी घोर निष्काळजीपणा लागतो. पण आमच्या ग्रुपला कोण सांगणार.)

कोर्ट नाक्यावरच्या वकीलबाईंनी आधी ऑपरेशनचं संमतीपत्र उघडलं. छापील इंग्रजीखाली सर्जनने स्वतःच्या हाताने मराठीत लिहिलं होतं, ‘गुडघा आखडू शकतो, व्यायाम रोज’. त्याखाली भाच्याची सही. व्यायाम किती केला, असं त्यांनी विचारल्यावर पोरगं पंख्याकडे बघायला लागलं.

मग त्यांनी पहिल्या हॉस्पिटलचा केसपेपर मागितला. ‘उजवा गुडघा, एक्स-रे नॉर्मल, क्रेप, गोळ्या पाच दिवस.’ बाईंनी कागद उलटून मागे काही आहे का तेही पाहिलं. गुडघा हाताने ओढून तपासला का, सूज ओसरल्यावर पुन्हा बोलावलं का, एक अक्षर नाही. "केस असलीच तर इथे आहे," त्या म्हणाल्या.

मला हे पटलं. ऑपरेशनचा परिणाम वाईट झाला म्हणजे हलगर्जी झाली असं नाही. ज्याने धोका लिहून दिला त्याला शिव्या, आणि ज्याने गोड बोलून घरी पाठवलं त्याचं नावही नाही, हा आपला न्याय! पण भरपाईचं गणितही निर्दय आहे. एसीएल मॅटवर तुटला, हॉस्पिटलने नाही तोडला. ऑपरेशनचा खर्च तसाही आलाच असता. मागायचं ते गादीचं आणि वाया गेलेल्या दोन महिन्यांचं. तेही गादी त्या दोन महिन्यांतच फाटली हे दाखवता आलं तर.

1995 पासून पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात. ग्राहक आयोग ठाण्यात आहे, नवी मुंबईकरांना बेलापूरचं कोकण भवन. 2019 च्या कायद्यात तक्रारीची फी ठरते ती आपण मोजलेल्या बिलावर, मागितलेल्या रकमेवर नाही. 5 लाखांपर्यंत शून्य. आमचं पहिल्या हॉस्पिटलातलं बिल 2,400 रुपये.

अडलंय ते त्या हॉस्पिटलच्या फाइलपाशी. मागितल्यापासून 72 तासांत रेकॉर्ड द्यायला हवं असा नियम आहे. आम्ही तोंडी मागत बसलो आणि काउंटरवर "रेकॉर्डवाले सुट्टीवर आहेत" ऐकत राहिलो. तुम्ही लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आमच्या अर्जावर शिक्का बसला त्याला आज अकरा दिवस झाले. तक्रारीची दोन वर्षांची मुदत ऑगस्टात संपतेय.

काल भाचा टाचेखाली टॉवेल घेऊन पाय सरकवत होता. मध्येच थांबून म्हणाला, "मामा, गादीचे किती येतील रे?"