पैशाचा प्रश्न नाही

होळी आटोपली की नागपूरकर कूलरबद्दल बोलायला लागतात. मुलीचं लग्न, प्लॉटचे भाव, महापालिका हे सगळे विषय जूनपर्यंत मागे पडतात. गच्चीवरून कूलर उतरवायचा, टाकीला आतून रंग मारायचा, पंपात अडकलेला मागच्या वर्षीचा गाळ काढायचा आणि ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंना लागणारी, पाण्याने भिजणारी पॅडं, बदलायच्या. ताट्या रस्त्याच्या कडेला मिळतात. विकणाऱ्याला माप सांगितलं की तो ‘हो’ म्हणायच्या आत जाळीत वूडवूल, म्हणजे लाकडाचा बारीक कीस, भरून मोकळा होतो. चुकलं तर तिथंच ठोकून नीट करून देतो.

हे सगळं ठाऊक असून मी यंदा ताट्या ऑनलाइन मागवल्या. चिरंजीव म्हणाले, आता वूडवूल कोणी वापरत नाही, हनीकोंब घ्या. मधाच्या पोळ्यासारखी दिसणारी, पुठ्ठ्याची, तीन पॅडं. किंमत १,१४९ रुपये. माप मी स्वतः टेपने घेतलं होतं, अठरा बाय चोवीस इंच. ऐन नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, खोकं आलं. उघडलं तर चोवीस बाय चोवीस. कूलरच्या दारात पॅड धरून पाहिलं, तिरपं करून पाहिलं, बायकोने “अहो, कापा ना” असंही सुचवून पाहिलं. हनीकोंब कापलं की त्याचा भुगा होतो, हे त्या दिवशी एका कोपऱ्यापुरतं कळलं.

कंपनीने, खरं सांगायचं तर, पॅडांचे पैसे लगेच परत केले. फोटो पाठवला, चूक आमचीच म्हणाले, दुसऱ्या दिवशी १,१४९ रुपये खात्यात. मी तर फॅमिली ग्रुपवर कौतुकही केलं. तेच नडलं. फक्त खोकं परत पाठवायचं राहिलं होतं, आणि त्यासाठी त्यांचा माणूस येणार नव्हता. ‘आपला पिनकोड ४४००२२ रिव्हर्स पिकअपच्या क्षेत्रात येत नाही.’ म्हणजे प्रतापनगरात सामान आणून टाकता येतं, तिथून उचलता येत नाही. ज्या शहरात झिरो माइलचा खांब आहे, जिथून म्हणे अख्ख्या देशाची अंतरं मोजली, ते शहर एका खोक्यासाठी आडगाव झालं. आपला पिनकोड १९७२ साली १५ ऑगस्टला सुरू झाला आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे पंडित होते. सहा आकड्यांत सगळा देश बसवणाऱ्या त्या गृहस्थांना पिनकोड एकतर्फीही असू शकतो, हे सुचलं नसावं.

‘कृपया स्वतः पाठवा. पाठवण्याचा पूर्ण खर्च परत मिळेल. पावती जपून ठेवा.’ चॅटबॉटने असं लिहून पुढे एक हसरं फूल टाकलं. त्या फुलावर मी विश्वास ठेवला.

दुपारी बाराला, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, पायाशी खोकं घेऊन स्कूटरवर निघालो. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ वर गेला होता. त्या दिवशी तेवढा नसेल, पण तो विक्रम मोडायची त्याची इच्छा दिसत होती. कुरिअरच्या दुकानात एक पोट्टा बसला होता. त्याने खोकं काट्यावर ठेवलं. पावणेतीन किलो. मी मनात हिशेब केला, शंभर-सव्वाशे रुपये. मग त्याने टेप काढली.

“टेप कशाले?”

“काका, वजनाचं नाही लागत. डब्ब्याचं लागते.”

लांबी ६०, रुंदी ६०, उंची ३०, सगळं सेंटिमीटर. गुणा आणि ५,००० ने भागा. आले एकवीस किलो सहाशे ग्रॅम. पोट्ट्याने ते बावीस केले, कारण कुरिअरमध्ये अपूर्णांक नेहमी ग्राहकाच्या अंगावर पूर्ण होतो. चाळीस रुपयांनी बावीस किलो, ८८० रुपये.

“अरे, यात निरी हवा आहे!”

“हवाच तर जागा खाते काका.”

यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही. पैसे भरले. इथून सुटलेला माल समृद्धी महामार्गाने ७०१ किलोमीटर जाऊन थेट भिवंडीजवळ आमण्याला उतरतो. गाडीने हा प्रवास आठेक तासांचा. माझ्या खोक्याला भिवंडीच्या गोदामात पोहोचायला नऊ दिवस लागले. वाटेत ते काय करत होतं, ते त्यालाच ठाऊक.

आता पावती. ‘जपून ठेवा’ म्हटल्यावर मी ती प्लास्टिकच्या पारदर्शक कव्हरात घातली. माझी सगळी महत्त्वाची कागदपत्रं तशीच असतात. पण ती पावती होती थर्मल कागदाची, म्हणजे शाईने नव्हे, उष्णतेने छापलेली. अशा कागदाला प्लास्टिकच्या कव्हराचा वारा सोसत नाही. कव्हरातली रसायनं अक्षरं खाऊन टाकतात. हे मला दहा दिवसांनी फोटो काढताना कळलं. दुकानाचं नाव गेलं होतं, तारीख फिकी झाली होती, आणि ८८० मधलं शून्य गेलं होतं. तेवढं एकच. आठ-आठ मात्र ठणठणीत.

कंपनीने ८८ रुपये परत पाठवले.

माझं चॅटबॉटशी खरं नातं इथून सुरू झालं. रोज सकाळी चहा घेऊन मी बसायचो.

“नमस्कार! मी तुमची कशी मदत करू शकते?”

“पाठवणावळीचे ७९२ रुपये बाकी आहेत.”

“आपली पाठवणावळ ८८ रुपये परत करण्यात आली आहे. आपण समाधानी आहात का?”

“नाही.”

“ऐकून आनंद झाला!”

कधीमधी खरा माणूस लागायचा. तो म्हणायचा, सर, मी तुमचा त्रास समजू शकतो. मग पावतीचा स्पष्ट फोटो मागायचा. पोट्ट्याकडे जाऊन पावतीची दुसरी प्रत काढली तर त्यावर मोठ्ठ्या अक्षरात ‘डुप्लिकेट’ आलं, आणि कंपनीला डुप्लिकेट चालत नव्हतं. ओरिजिनलवर शून्य नव्हतं. शेवटी एका भल्या मुलीने तोडगा काढला: ७९२ पॉइंट्स देते. एक पॉइंट म्हणजे एक रुपया. तीन हजारांच्या खरेदीवर वापरता येतील, तीस दिवसांत. म्हणजे माझेच ७९२ रुपये सोडवायला मी त्यांना २,२०८ द्यायचे. सावकारांच्या गोष्टी आपण उगाच सांगतो.

खालच्या मजल्यावरचे काका ही कथा रोज संध्याकाळी ऐकायचे. त्यांचा कूलर म्हणजे कूलर नव्हे, खिडकीला टांगलेली खोली. तो सुरू झाला की आमच्या भिंतीही गार पडतात. फाटकाशी उभे राहून ते विचारायचे, “मग, आठशे ऐंशीचं काय होऊन राहिलं?” आणि मी सांगायचो, “काका, पैशाचा प्रश्न नाही. तत्त्वाचा आहे.” हे मी इतक्यांदा म्हटलं की बायको आतून म्हणायची, “तत्त्वाचा असता तर आकडा पाठ झाला नसता.”

काकांनीच सांगितलं की ऑफिसरला धरा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशा प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, संपर्क, हुद्दा वेबसाइटवर द्यावा लागतो. दिला होता. पानाच्या तळाशी, फिक्या राखाडी रंगात, म्हाताऱ्या माणसाने वाचूच नये अशा अक्षरात. नियम म्हणतो, ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची. पोच सत्तेचाळीस तासांत आली. पोच देण्यात या मंडळींचा हात कोणी धरणार नाही.

मधल्या काळात १९१५ या ग्राहक हेल्पलाइनलाही फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकलं, नंबर दिला, आणि “शून्य उडालं” हे मला दोनदा सांगायला लावलं. त्यांच्या बाजूला कोणी हसल्याचा आवाज आला, पण तो माझा संशय असेल. काका तर ग्राहक आयोगापर्यंत पोहोचले होते. “पाच लाखापर्यंत फी लागत नाही जी. टाका केस.” ७९२ रुपयांसाठी आयोगापुढे उभं राहिलेलं स्वतःचं चित्र मी डोळ्यापुढे आणलं, आणि कबूल करतो, ते मला आवडलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मेल आला. ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आपल्या संयमाबद्दल आभार.’ खात्यात काहीच नव्हतं. तोडगा काय काढला, ते दोन दिवसांनी कळलं, तान्ह्या पोळ्याला. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघालेली, महालाकडचे सगळे रस्ते बंद, टीव्हीवर “ईडा पीडा घेऊन जा गे मारबत” चालू. मी त्यात मनातल्या मनात रिफंड अडवणाऱ्यांची नावं घालत होतो, तेवढ्यात बेल वाजली. दारात डिलिव्हरीवाला आणि खोकं.

साठ बाय साठ बाय तीस. त्यावर माझा सेलोटेप. माझ्या अक्षरातला पत्ता खोडून वर माझाच पत्ता चिकटवलेला. आत चोवीस बाय चोवीसची तीन पॅडं, एकाचा कोपरा भुगा झालेला, आणि एक चिठ्ठी: ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व. ही आपली बदली वस्तू.’

चॅटबॉटला विचारलं. ‘वस्तू नको असल्यास कृपया स्वतः पाठवा. पाठवण्याचा पूर्ण खर्च परत मिळेल. पावती जपून ठेवा.’ आणि फूल.

खोकं जिन्यात ठेवून मी त्याच्याकडे पाहत बसलो. काका वर आले. त्यांनी एक पॅड उचललं, वितीने मोजलं, खाली गेले, पुन्हा वर आले.

“हे तर माह्या कूलरले बरोब्बर बसते ना जी! चोवीस बाय चोवीस.”

“मग मे महिन्यात काहून नाही सांगितलं?”

“तुम्ही तर निरा आठशे ऐंशीचंच सांगून राहिले होते. माप कुठं सांगितलं?”

मी गप्प. काकांनी तिन्ही पॅडं काखेत मारली आणि विचारलं, “किती द्यायचे?”

“छे हो काका,” मी म्हटलं, “पैशाचा प्रश्नच नाही. सातशे ब्याण्णव.”