‘शिबिरात नाही तो पूरग्रस्त नाही’ म्हणे!

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 39 फुटांची इशारा पातळी गाठली की हा मेसेज फिरायला लागतो : ‘शिबिरात न आलेल्यांना किट देऊ नका. घरात राहतात म्हणजे नुकसान नाही. बोट आली तेव्हा हट्टानं बसून राहिले. वर सरकारचे पैसेही उचलतात.’ यंदा तो शिरोळ तालुक्यात, ओल्या घरात बसलेल्या माझ्या आत्याच्याच मोबाइलवर पोचला. पाठवणारा पुतण्या पुण्यात चौथ्या मजल्यावर.

‘घरात राहतात म्हणजे नुकसान नाही’? मातीची भिंत पाण्यात उभी राहते आणि पाणी ओसरल्यावर बसते, हे नदीकाठच्या पोरालाही ठाऊक आहे. आत्याच्या माजघराची भिंत बाहेर झुकलीय, तिला दोन वाशांचा टेकू आहे, म्हणून ती स्वयंपाकघरात झोपते. ज्वारीच्या पोत्याला मोड आलेत, मीटरच्या पेटीत गाळ. शिबिरात दोन वेळचं जेवण, डॉक्टर, टँकर असतो. हिच्या आडात टाकायला कुणी पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडरसुद्धा आणली नाही. आणि शिबिरं भरतात शाळेत. शाळा सुरू झाली की तिथली माणसंही अशाच घरात परततात. मग त्या दिवसापासून तीही पूरग्रस्त नाहीत का?

पैशाचं बोलायचं तर केंद्राचे आपत्ती मदतीचे 2022-26 चे निकष काढून वाचा. किमान 15 टक्के पडझड असेल तर पक्क्या घराला 6,500 रुपये, कच्च्याला 4,000. शिबिरात मुक्काम केला पाहिजे, अशी अट त्यात नाही. पंचनामा पडझडीचा होतो. चार हजारांत गवंड्याची मजुरी तरी भागते का, ते पुतण्यानं सांगावं.

बोटीचं म्हणणं अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करतो. वेळेवर न निघणाऱ्यांमुळे बचाव पथकांचे हाल होतात. पण 8 ऑगस्ट 2019 ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळची माणसं बोटीत बसलीच होती की! ती बोट उलटली आणि त्यात माणसं गेली. शिवाय म्हैस बोटीत चढत नाही, आणि ज्याचं घर दुधावर चालतं तो दावणीला जनावर बांधून जाणार कुठं?

दुबार किट घेणारेही असतात. त्यासाठी रेशनकार्डाचा नंबर लिहून घ्या, झालं.

आणि गाडी भरून येणारच असाल तर बिस्किटं पुरेत आता. ताडपत्री, टीसीएल, सुका चारा आणा, आणि हमरस्त्यावरच गाडी रिकामी न करता गल्लीत आतपर्यंत या.